रात्रीत दहा बार कुठे जातात? जुनी पीसीपी रायफल घरच्या टेबलावर

रायफल आली ती जुन्या चादरीत गुंडाळून, आणि सोबत भाच्याचं एकच वाक्य: "मामा, ही रात्रभर हवा धरत नाही."

माझी सगळी नोकरी हायड्रॉलिक प्रेसच्या सील बदलण्यात गेली. तेल गळणारं यंत्र कुठे गळतंय ते स्वतःच सांगतं, खाली डाग पडतो. हवा डाग पाडत नाही. त्यामुळे आधी भरलेल्या हवेवर चालणारी, म्हणजे पीसीपी रायफल हे माझ्यासाठी ओळखीचंच दुखणं होतं, फक्त न दिसणारं. ही साडेचार मिलिमीटरची, एका वेळी एक छर्रा घेणारी, बोल्टची, म्हणजे मागचा दांडा ओढून छर्रा घालायची. बॅरलच्या खाली हवेची नळी, आतून २५ मिलिमीटर व्यासाची, साधारण २०० घनसेंटीमीटर हवा मावेल एवढी. रेग्युलेटर, म्हणजे नळीतला दाब एका ठरावीक आकड्यावर आणून व्हॉल्वला देणारा भाग, नाही. वय वीस वर्षांच्या पुढे. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. रबर म्हातारं होतंच.

उघडण्याआधी रायफल खरंच गळते का ते बघा. ऐकायला हास्यास्पद वाटेल, पण निम्म्या 'गळक्या' रायफली थंडीने गळतात. बार हे दाबाचं माप, एक बार म्हणजे साधारण भोवतालच्या हवेएवढा दाब. दुपारी ३५ अंशांत २०० बार भरले आणि पहाटे खोली १५ अंशांवर आली, तर गेज १८७ च्या आसपास दाखवेल. एक कणही बाहेर गेलेला नसतो, हवा आकसलेली असते. शिवाय भरताना हवा तापते. घाईने भरून लगेच गेज वाचलं की अर्ध्या तासात आठदहा बार 'गायब'. म्हणून हळू भरा, तासभर थांबा, आकडा लिहा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, त्याच खोलीत पुन्हा लिहा. आमची तीन रात्री ओळीने दहा-दहा बार उतरली. म्हणजे गळती खरी.

दहा बार ऐकायला फार वाटत नाही. हिशेब करा: २०० घनसेंमी गुणिले १०, म्हणजे बाहेरच्या दाबाची दोन लिटर हवा. रात्र दहा तासांची धरली, तर मिनिटाला साधारण सव्वातीन घनसेंमी. एक सेंटीमीटर व्यासाचा बुडबुडा साधारण अर्धा घनसेंमी असतो, म्हणजे मिनिटाला सहा बुडबुडे. साबणाच्या पाण्याला हे दिसायलाच हवं. नाही दिसलं, तर तुम्ही चुकीच्या जागी बघताय.

गळती शोधणं

रायफलमध्ये छर्रा नाही हे बोल्ट उघडून डोळ्यांनी बघायचं, आणि तोंड सुरक्षित दिशेला. हे मी पुन्हा लिहिणार नाही, पण खाली जिथे जिथे भरलेल्या रायफलला हात लावायचा आहे तिथे ते धरून चाला.

भांडी घासायचा द्रव पाण्यात जरा जास्तच घाला, आणि ब्रशने लावा. फवारू नका, फवाऱ्याचे स्वतःचेच बुडबुडे तासभर फसवतात. जागा ठरलेल्या आहेत: पुढची टोपी आणि हवा भरायची जागा, गेजचा बूड, नळी आणि ब्रीच (बॅरलच्या मागचा, छर्रा घालायचा भाग) मिळतात तो सांधा. उरली बॅरल. तिच्या तोंडावर रबरी हातमोज्याचं एक बोट कापून रबरबँडने बसवायचं आणि तासाभराने बघायचं. बोट फुगलं, तर मुख्य व्हॉल्वचा पॉपेट, म्हणजे हवेची वाट बंद करणारं बूच, नीट बसत नाही. बोट लोंबतंय तसंच राहिलं, तर व्हॉल्व शाबूत आणि भानगड बाहेरच्या सांध्यात.

आमचं बोट लोंबत राहिलं. गेजपाशी दर दोन मिनिटांनी एक आळशी बुडबुडा. आणि पुढच्या टोपीभोवती फेसाची बारीक पांढरी रांग, ताकावर येते तशी. मला आवाज येत नव्हता. प्रेसच्या शेजारी उभं राहून माझ्या कानांचे वरचे सूर कधीच गेलेत. भाच्याने कान लावला. "मामा, सुईसारखा आवाज येतोय." त्या दिवसापासून सूक्ष्म गळतीचं खातं त्याच्याकडे.

अख्खी रायफल पाण्याच्या टबात बुडवायचा सल्ला मिळतो. मी बुडवत नाही. व्हॉल्वच्या मागच्या भागात, हॅमरच्या (व्हॉल्ववर आपटून तो उघडणाऱ्या ठोकळ्याच्या) स्प्रिंगमध्ये आणि चापाच्या पेटीत गेलेलं पाणी महिनाभर गंज देत राहतं.

हवा काढणं, आणि इथे मी लांबण लावणार आहे

नळीचा आतला व्यास २५ मिमी. म्हणजे टोपीचं क्षेत्रफळ ४.९ चौरस सेंटीमीटर. २०० बारला त्या टोपीवर बसणारा जोर साधारण एक हजार किलो. अंगठ्याएवढ्या रुंद गोलावर एक टन. गेजवर नुसते ३० बार उरले असले, तरी दीडशे किलो. बऱ्याच जुन्या रचनांत व्हॉल्वचा धातूचा तुकडा नळीत तीन छोट्या आडव्या स्क्रूंनी धरलेला असतो, ॲलन कीने फिरतील एवढे स्क्रू. ते सजावटीचे वाटतात. हवा भरलेली असताना तो टनभर भार तेच पेलत असतात. त्यातला एक 'जरा ढिला करून बघतो' म्हणणारा माणूस मी माझ्या टेबलाजवळ उभा करणार नाही.

म्हणून आधी हवा पूर्ण काढा. रायफलला हवा सोडायचा स्क्रू असेल तर त्यानेच, पुस्तिकेत लिहिलंय तसं, सावकाश. नसेल तर छर्रा न भरता, सुरक्षित दिशेला, चाप ओढत राहायचं. फटका लहान होत जातो, मग फुस्स होतं, मग नुसती टकटक. टकटक झाल्यावरही दहा वेळा ओढा. गेज शून्य दाखवतं यावर विसंबू नका. छोटी गेजं खालच्या टोकाला फार ढोबळ असतात आणि जुन्याचा काटा अडकतोही. रेग्युलेटर असलेल्या रायफलमध्ये आणखी एक सापळा आहे: रेग्युलेटर बिघडून बंद राहिला, तर मागचा कप्पा रिकामा आणि पुढे नळी भरलेली, असं होऊ शकतं. चाप ओढून टकटक येते आणि माणूस खूश होतो.

कधी उलटंही होतं. प्रमाणाबाहेर भरलेल्या रायफलमध्ये आतला दाब पॉपेटला इतका घट्ट दाबतो की हॅमरला तो उघडताच येत नाही. चाप ओढला की 'टक', हवा नाही. लोकांना वाटतं रिकामी आहे. प्रत्यक्षात ती कधी नव्हे इतकी भरलेली असते. अशी रायफल उघडू नका. हवा सोडायचा स्क्रू नसेल, तर जाणत्या माणसाकडे द्या.

शेवटची कसोटी हातांची. टोपीचा आटा पहिल्या झटक्याने सुटल्यावर बोटांनी फिरला पाहिजे. पान्यानेही जड जातोय, प्रत्येक पाव फेऱ्याला कुरकुरतोय, तर आत दाब आहे. थांबा, आटा परत कसा आणि पुन्हा चाप ओढा. आणि हे करताना चेहरा, छाती, मांडी, काहीही टोपीच्या सरळ रेषेत नको. मी बाजूला उभा राहतो. भाच्याला मागे उभं केलं होतं, त्याला ते अपमानास्पद वाटलं. वाटू दे.

ओ-रिंग: साडेचार टक्क्यांची गोष्ट

टोपी बाहेर आली. तिच्या खाचेतली ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारं गोल रबरी कडं, काढायला स्टीलचा टोकदार हुक वापरायचा नाही. खाचेच्या तळाला एक चरा पडला, की नवी रिंगही त्याच चऱ्यातून गळते आणि तुम्ही महिनाभर रिंगला शिव्या देता. बांबूची दात कोरायची काडी किंवा पितळेची घासलेली तार पुरते. बोटांनी रिंग एका बाजूला सरकवून फुगवटा केला, तर काडीही लागत नाही.

निघालेली रिंग बघण्यासारखी होती. गोल कापाची रिंग बाहेरच्या बाजूने सपाट झालेली, टायर घासतो तशी, आणि नखाने दाबली तर दबत नव्हती. आता मापं. टोपीच्या खाचेचा तळ २०.७ मिमी, नळी २५ मिमी, म्हणजे रिंगला मिळणारी जागा २.१५ मिमी. मूळ रिंग २.६२ मिमी जाडीची असणार, म्हणजे ती बसल्यावर साधारण १८ टक्के दबते. न हलणाऱ्या सीलला इतपत दाब उत्तम. जुनी रिंग व्हर्निअरने मोजली तर २.२५. उरला दाब साडेचार टक्के. त्यावर ती रात्रीत दहाच बार सोडत होती हेच नवल.

मापासाठी जुनी रिंग मोजू नका, ती दबलेली आणि फुगलेली असते. खाच मोजा, मग तक्ता बघा. या रायफलींत बहुतेक इंची मालिकेच्या रिंगा असतात, ज्यांची जाडी १.७८, २.६२ किंवा ३.५३ मिमी निघते. आमच्या टोपीला ११७ क्रमांकाची बसली: आतला व्यास २०.२९, जाडी २.६२. खाचेवर ती दोन टक्के ताणून बसते, तेवढं चालतं. तयार संच मिळत असेल तर जरूर घ्या, पण त्यातली प्रत्येक रिंग खाचेशी ताडून बघा. 'जवळपास तीच' असं माप सीलच्या कामात नसतं.

रबर कोणतं? नायट्राइल चालतं आणि मिळतं. कडकपणा ७० शोअर आणि ९० शोअर असे दोन प्रकार सहज मिळतात, मी मुख्य दाब धरणाऱ्या जागी ९० घालतो. मऊ रिंग दाबाखाली फटीत घुसते आणि तिची कड कुरतडली जाते. दुसरं असं, की दाबाखाली हवा रबराच्या आतही शिरते. दाब अचानक गेला, की ती आतल्या आत फुगते आणि रिंगवर फोड येतात. कडक रिंग हे जास्त सोसते. ९० ची बसवायला हट्टी असते एवढंच. बोल्टच्या टोकावरच्या छोट्या रिंगला मात्र ७० बरी. तिथे दाब क्षणभरच येतो आणि रिंगला रोज पुढेमागे सरकायचं असतं. गेजच्या बुडाला धातूच्या कड्यात रबर असलेला वॉशर होता, तो नवा टाकला. तिथे टेफ्लॉनची टेप गुंडाळू नका. तो वॉशर तोंडावर बसून हवा अडवतो, आट्यात नाही. टेपचा चिंधीसारखा तुकडा मात्र सुटून थेट व्हॉल्वच्या बैठकीवर जाऊन बसतो.

वंगण: हवेच्या वाटेवर फक्त शुद्ध सिलिकॉन ग्रीस, रिंगला चमक येण्याइतकं. यंत्राचं तेल, साधं ग्रीस, गंज सोडवायचा फवारा, काहीही नाही. २०० बारच्या हवेत ऑक्सिजनचा वाटा ४२ बारचा होतो. तिथे खनिज तेलाचा थेंब आणि भरताना झटक्यात वाढणारी उष्णता एकत्र आली, की डिझेल इंजिन तयार होतं. आणि याच कारणाने हवेऐवजी कधीही ऑक्सिजन भरायचा नाही. सिलिंडर हाताशी आहे, जोडणी बसते, म्हणून भरणारे लोक असतात. तेल, रबर आणि दाबाखालचा ऑक्सिजन हा सरळ स्फोट आहे.

उलट, सिलिकॉन धातूवर धातू घासतो तिथे कुचकामी. हॅमर, सिअर (हॅमरला अडकवून धरणारा खटका), चापाचे सांधे, तिथे मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस, तेही बोटाने लावून पुसून टाकल्यावर जेवढं उरतं तेवढंच.

नळीच्या आत बघा

हे बहुतेक जण टाळतात. हातपंपाने भरलेल्या रायफलमध्ये ओलावा जातोच, कितीही गाळण्या लावा. बारीक टॉर्च मागून धरा आणि पुढून बघा. पिवळसर हलका थर असेल तर काठीला कापड गुंडाळून पुसून काढता येतो. खड्डे दिसले, नखाला किंवा काडीला अडकले, तर नळी संपली. घासून, रंगवून, भरून ती परत येत नाही. नवी मिळत नसेल, तर रायफल भिंतीवर.

शंका असेल तर पाण्याच्या दाबाची चाचणी करून घ्यावी, जिथे सिलिंडर तपासतात तिथे. २०० बारच्या सिलिंडरला ३०० बार देतात. पाण्याने करतात कारण पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे भांडं फुटलं तरी नुसतं पाणी सांडतं. हवेने केली तर खोली सांडते. घरी ही चाचणी करू नका. स्पर्धेच्या दहा मीटर रायफलींच्या सुट्या सिलिंडरना तर दहा वर्षांची मुदतच असते आणि तारीख त्यावर कोरलेली असते. ती उलटलेला सिलिंडर स्वस्तात मिळतोय म्हणून हुरळू नका.

आमच्या नळीत पुसता येणारा थरच निघाला. कापडावर विटकरी रंगाची रेघ आली, दुसऱ्या फेऱ्याला फिकट, चौथ्याला पांढरं.

व्हॉल्व

आमचा गळत नव्हता, तरी इतकं उघडलंच होतं म्हणून बघितला. पितळेची बैठक, तिच्यावर कडक प्लास्टिकचा पॉपेट, मागे स्प्रिंग. पॉपेटवर बैठकीने पाडलेलं वर्तुळ दिसतं. ते अखंड आणि सारख्या रुंदीचं हवं. एके ठिकाणी तुटक असेल किंवा आडवी रेघ गेली असेल, तर तिथून हवा बॅरलमध्ये जाते. बऱ्याचदा फक्त पितळेचा कणच अडकलेला असतो. भिंगाखाली काडीने काढा, इथाइल अल्कोहोलने पुसा. पॉपेटला पॉलिशची पेस्ट लावून बैठकीत फिरवू नका. पेस्टमधला खर, म्हणजे घासणारे कण, पितळेपेक्षा मऊ असलेल्या प्लास्टिकमध्ये रुततो आणि तो पॉपेट मग आयुष्यभर कानस होऊन पितळ खात बसतो.

पॉपेट बदललाच तर पहिल्या दिवशी थोडा गळेल. पन्नास-साठ फटक्यांत तो स्वतःची बैठक पाडून घेतो.

जोडणी, आणि मी कापलेली रिंग

इथे माझी फजिती. सगळं स्वच्छ, सगळं नवं, टोपी आत ढकलली, छान घट्ट गेली. ५० बार भरले. फेस. पहिल्यापेक्षा जास्त. भाचा काही बोलला नाही, पण त्याचं न बोलणं मला ऐकू आलं.

पुन्हा रिकामी केली, पुन्हा टोपी काढली. रिंगच्या कडेवर नखाच्या कोराएवढा अर्धचंद्र कापलेला. नळीत गेजसाठी आडवं भोक आहे, आणि टोपी आत जाताना रिंग त्या भोकावरून जाते. दबलेली रिंग भोकाशी येताच त्यात फुगते आणि पुढे सरकताना भोकाची धारदार कड तिचा काप काढते. नोकरीत हे मी शिकाऊ पोरांना शंभरदा सांगितलं असेल.

उपाय दोन, दोन्ही करा. पहिला: भोकाची आतली कड मोडायची. लाकडाची गोल काठी, तिच्या टोकाला ६०० नंबरचा पॉलिश पेपर, आणि फक्त कडेवर हलके वळसे. मग १००० नंबर. बोट फिरवल्यावर भोक जाणवलं पाहिजे, टोचायला नको. धातू काढायचा नाही, फक्त धार मारायची. नंतर नळी पुसून पुसून स्वच्छ, कारण खराचा एक कणही पुरतो. दुसरा: रिंग भोकाखाली येते त्या क्षणी बाहेरून, त्याच भोकातून, बोथट काडीने तिला आत दाबून धरायचं आणि टोपी पुढे ढकलायची. चार हात लागतात. दोन माझे, दोन भाच्याचे. रिंग भोक ओलांडते तेव्हा काडीला एक छोटी 'टुप' जाणवते. ती जाणवली की समजायचं, वाचली.

आट्यांवरून जाणाऱ्या रिंगेलाही हीच भीती. तिथे आट्यांवर पातळ प्लास्टिकची पट्टी गुंडाळून रिंग तिच्यावरून सरकवायची आणि पट्टी ओढून घ्यायची.

पहिलं भरणं

पूर्ण रिकामी रायफल भरायला घेतली, की बऱ्याचदा हवा बॅरलमधून सरळ बाहेर जाते आणि माणूस घाबरतो. कारण साधं आहे. हॅमर स्प्रिंगच्या जोराने व्हॉल्वच्या दांडीला टेकलेला असतो आणि आत पॉपेटला मागून दाबायला हवा नसते. बोल्ट मागे ओढून हॅमर अडकवा, दांडी मोकळी होते, पॉपेट बसतो, हवा धरली जाते. छर्रा अर्थातच नाही, बोट चापापासून लांब.

५० बारला थांबा, साबण लावा. मग १००. मग १५०. प्रत्येक टप्प्याला दहा मिनिटं. टोपीच्या रेषेत कोणीही नाही. आमची १७० वर ठेवली, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला १७०. तिसऱ्या दिवशीही. आठवड्याने १६८, तेव्हा खोली थंड होती.

सुधारणा: काय केलं, काय नाही

'मॉडिफाय' म्हटलं की भाच्याच्या डोळ्यांत जोर वाढवायची स्वप्नं येतात. ते मी केलं नाही. एक कारण कायद्याचं: हवेच्या रायफलला छर्र्याच्या किती ज्यूल जोरापर्यंत मोकळीक आहे ते ठिकाणानुसार बदलतं, कुठे साडेसात, कुठे सोळा, कुठे वीस. स्प्रिंगच्या दोन जास्तीच्या वेढ्यांनी तुमची वस्तू एका रात्रीत परवान्याचं हत्यार होऊ शकते. आपल्या ठिकाणची मर्यादा आधी वाचा. आवाज दाबायच्या नळ्यांनाही तेच लागू. दुसरं कारण जास्त जवळचं: या रायफलला जोर कमी नव्हता, तिचा जोर एकसारखा नव्हता.

गती मोजायचं यंत्र आणलं. ०.५४७ ग्रॅमचा छर्रा, हवा १९० बार. पहिला छर्रा सेकंदाला २१८ मीटर. दहावा २२६. विसावा २३४. सव्विसाव्याला २३७, तेव्हा गेजवर साधारण १४५. तिथून उतरण, चाळिसाव्याला २३०, पंचेचाळिसाव्याला २२४. ज्यूलमध्ये बोलायचं तर पहिल्याला १३ आणि सव्विसाव्याला १५.४. म्हणजे जास्त भरलं की सुरुवात मंद. रेग्युलेटर नसलेल्या रायफलचा हा स्वभावच आहे: दाब जास्त तेव्हा व्हॉल्व कमी वेळ उघडतो, दाब कमी होतो तेव्हा जास्त वेळ, आणि मध्ये कुठेतरी दोन्ही एकमेकांना सांभाळून घेतात. तो मधला पट्टा शोधायचा. आमचा १७० ते १२५ निघाला. त्यात पंचवीस छर्रे, सगळे २३१ ते २३७ च्या आत. पूर्वीचा मालक दरवेळी १९० भरायचा आणि रायफल 'लहरी' म्हणायचा. मी गेजच्या काचेवर रंगाचे दोन ठिपके दिले. हीच या रायफलमधली सगळ्यात मोठी सुधारणा.

रेग्युलेटर बसवावा का? तयार मिळतात, आत वाटीसारख्या वॉशरांची चळत असते. पण त्याला बाहेरच्या हवेशी जोडणारं एक छोटं भोक नळीला लागतं, दोन रिंगांच्या मधोमध. ज्या नळीला ते कारखान्यातून नाही, तिला घरी ड्रिल लावायचा मी पक्का विरोधक आहे. दाबाच्या नळीला भोक पाडायचं नाही, आटे पाडायचे नाहीत, वेल्डिंगची ठिणगीही लावायची नाही. पंचवीस छर्रे पुरतात. पुन्हा भरा.

बॅरलच्या तोंडाची कड मात्र बघा. कापसाची काडी आतून बाहेर ओढत कडेवरून फिरवली, तर एका जागी कापसाचा धागा अडकायचा. कधीतरी आपटली असणार. गोल डोक्याचा पितळी स्क्रू, त्यावर बारीक घासायची पेस्ट, हळू फिरणाऱ्या ड्रिलमध्ये धरून कडेवर टेकवायचा आणि मनगट सतत गोल डोलवत ठेवायचं, म्हणजे एकाच बाजूला चर पडत नाही. आधी बॅरलमध्ये थोडं आत कापसाचा बोळा घाला, नाहीतर पेस्ट खाली उतरते. वीस-तीस सेकंद, पुसा, बघा. कडेला सगळीकडे सारख्या रुंदीचं चकचकीत कडं आलं की थांबा. धागा अडकायचा थांबला.

चापात हात घालताना मी भित्रा आहे. मूळ स्क्रूंनी जेवढं जुळवता येतं तेवढं जुळवलं, सिअरच्या धारेला दगड लावला नाही. ती धार अर्धा केस जास्त घासली तर हॅमर स्वतःहून सुटतो. जुळवून झाल्यावर, रिकाम्या रायफलचा हॅमर अडकवून दस्त्याच्या बुडावर रबरी हातोडीने सगळ्या बाजूंनी टपल्या मारायच्या. एकदा जरी सुटला, तरी अर्धा फेरा मागे.

हॅमरला मात्र एक उपकार केला. काढून बघितला तर त्याच्या पोटावर घासल्याच्या दोन चमकदार पट्ट्या आणि वाळून डिंक झालेलं ग्रीस. धुतला, कडा १००० नंबरने मोडल्या, मॉलिब्डेनम चोळून पुसला. त्यानंतर स्प्रिंगला हात न लावता मधल्या पट्ट्यातला फरक सहावरून चार मीटरवर आला.

भाच्याने परवा पुन्हा विचारलं, "मामा, स्प्रिंग जरा कडक घातली तर?" मी त्याला मोडकी रिंग ठेवलेली डबी दाखवली, अर्धचंद्र कापलेली. त्याने ती उजेडात धरून फिरवून बघितली आणि खिशात टाकली. आता तो दुसरी कुठली तरी जुनी रायफल बघून आलाय म्हणे, तिचं बोट फुगतं.